‘की’ आलं की थांबायचं

शांतता शिक्षणाच्या (म्हणजे तंटे हिंसेशिवाय हाताळायला शिकवण्याच्या) प्रशिक्षणात पहिल्या दिवशी ओळख करून देताना निम्मी माणसं एकच वाक्य म्हणतात, “खरं तर माझा या क्षेत्राशी काही संबंध नाही.” मग एकेकाचा पेशा कळत जातो. नर्स, लेखापाल, निवृत्त सैनिक, वकील, मनुष्यबळ विभागात उमेदीची वर्षं काढलेली व्यक्ती, पुलांची आकडेमोड करणारा इंजिनिअर. शिक्षक तर असतातच.

हे क्षेत्र उभं केलं तेच मुळी अशा ‘संबंध नसलेल्या’ माणसांनी. मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. लुईस फ्राय रिचर्डसन हवामानशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवता चालवता त्यांनी हवामानाच्या अंदाजाचं गणित मांडलं आणि पुढे तीच गणिती नजर युद्धांच्या कारणांकडे वळवली. १९५९ मध्ये ऑस्लोत शांतता संशोधन संस्था काढणारे योहान गाल्टुंग गणित आणि समाजशास्त्र शिकलेले. नाटकातून अन्यायाची उकल करायला शिकवणारे ऑगस्टो बोआल केमिकल इंजिनिअरिंग करून आलेले. आणि कोचिंगमधली (शिकवणी नव्हे; प्रश्न विचारत एकाच माणसाला त्याची वाट शोधायला मदत करणं) ‘ग्रो’ पद्धत जगभर नेणारे जॉन व्हिटमोर तर मोटार शर्यतीतले चालक.

तेव्हा बाहेरून येण्यात कमीपणा काही नाही. अडचण वेगळीच असते. जुना पेशा दाराबाहेर चपलांसारखा काढून ठेवता येत नाही. तुमच्या आधी तोच खुर्चीत जाऊन बसतो. आम्ही या वाटेने गेलो तेव्हा नवं शिकायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ हातात मुरलेलं सोडवायला लागला. खालचा तपशील बहुतेक त्याबद्दलच आहे.

सुरुवातीची दोन-चार सत्रं संकल्पनांची असतात आणि ती पटकन होतात. गाल्टुंग यांचा नकारात्मक आणि सकारात्मक शांततेतला फरक (मारामारी थांबणं वेगळं, मारामारीची कारणं जाणं वेगळं), १९६९ मध्ये त्यांनी मांडलेली संरचनात्मक हिंसेची कल्पना (कुणी हात न उगारता व्यवस्थेनेच माणसाचं नुकसान करणं), ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांची संवादातून शिकण्याची रीत. वाचून समजतं, परीक्षेत लिहिताही येतं. ‘संकल्पना कळल्या, आता गट द्या’ अशी घाई इथेच होते. गट मिळाला की पहिल्या दहा मिनिटांत कळतं, की त्यातलं काहीच अजून अंगात उतरलेलं नाही.

गटासोबतचं पहिलं सत्र साधारण नव्वद मिनिटांचं आणि बारा ते सोळा जणांचं असतं. आधी खोली लावायची. टेबलं भिंतीला. खुर्च्या सगळ्या एका उंचीच्या; चाकांची एकच खुर्ची असेल तर ती खोलीबाहेर, कारण तिच्यात बसेल तो आपोआप साहेब होतो. खुर्च्यांचा गोल खरोखर गोल आहे का, हे दोन-तीन खुर्च्यांत बसून बघायचं. तो लांबट झाला की टोकाचे दोघे एकमेकांचा चेहरा न बघता मधल्यांमार्फत बोलू लागतात. दाराच्या बाजूला एक फट मोकळी ठेवायची, म्हणजे ज्याला उठून जायचंय त्याला सगळ्यांच्या समोरून जावं लागत नाही. निवृत्त सैनिक आणि पोलीस हे न सांगता करतात. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांची नजर दारं आणि मोकळ्या जागा मोजते, आणि तेवढ्यापुरते ते आमच्यात सगळ्यांत तयार असतात.

मग मिनिटांचा हिशोब. सोळा माणसं, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे चोवीस मिनिटांची एक फेरी. नव्वद मिनिटांत अशा दोनच फेऱ्या बसतात. सुरुवातीला गटाचे नियम ठरवायला दहा, मधल्या कृतीला पंधरा, आणि उरलेली सतरा मिनिटं रिकामी ठेवायची. इंजिनिअरला ही सतरा मिनिटं बघवत नाहीत. तो तिथे आणखी एक कृती बसवतो. मग कुणीतरी रडतं, कुणी उशिरा येतं, एकजण दीडऐवजी सहा मिनिटं बोलतो आणि कात्री लागते ती शेवटच्या फेरीला. नेमकी तीच फेरी उकलीची असते: काय घडलं, त्यातून काय कळलं, पुढे काय करणार. उकल कापलेलं सत्र म्हणजे नुसता खेळ. लोक हसत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी तसेच वागतात. एकच काहीतरी कापायचं असेल तर कृती कापा.

बोलणाऱ्याच्या हातात एक वस्तू द्यायची आणि ज्याच्या हातात ती, त्यानेच बोलायचं, ही गोलाची जुनी रीत. वस्तू मुठीत मावेल आणि थोडी जड असेल अशी हवी. गुळगुळीत दगड उत्तम. पेन देऊ नये, लोक त्याचं टोपण उघडझाप करत बसतात. ‘पास’ म्हणायची मुभा सुरुवातीलाच सांगायची आणि कुणी पास म्हटलं तर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. पहिल्या फेरीत सुलभकाने, म्हणजे गोल चालवणाऱ्याने, स्वतः आधी बोलावं, पण मिनिटभरच. पहिला माणूस जितका वेळ आणि जितकं खोल बोलतो, तितकंच मागचे बोलतात. दुसऱ्या फेरीपासून सुलभक शेवटी. हा बदल विसरला, की दुसऱ्या फेरीत सगळे सुलभकाला आवडेल तेच बोलायला लागतात.

शिक्षकांचा घोटाळा इथे होतो आणि तो फार साळसूद असतो. एकाचं बोलून झालं की तोंडातून “छान!” निघतं. ज्याला ‘छान’ मिळालं तो खूश. पुढच्याला ते मिळालं नाही तर त्याला कमी गुण पडल्यासारखं होतं. तिसऱ्यापासून उत्तरं गुणांसाठी येतात. याला उपाय म्हणजे सगळ्यांना एकच शब्द, तोही कोरडा: “ऐकलं.” पहिले काही दिवस हे उद्धट वाटतं. शिक्षकांची दुसरी सवय प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देण्याची. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांच्या वर गेलं की मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. शांततेच्या कामात तीन सेकंद काहीच नाहीत. दुखऱ्या विषयावर आम्ही दहा मोजतो. मनात मोजायचं, आणि नजर जमिनीवर ठेवायची. एखाद्याकडे बघत दहा मोजले तर ती चौकशी होते.

भाषेचा भाग सगळ्यांत चिवट. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांची अहिंसक संवादाची चौकट चार पायऱ्यांची आहे: निरीक्षण, भावना, गरज, विनंती. बहुतेक अभ्यासक्रमांत ती असते. मराठीत ती शिकवताना दुसऱ्या पायरीवर पाय हमखास घसरतो, कारण आपल्याकडे मतही ‘वाटतं’ आणि भावनाही ‘वाटते’. “मला वाटतं की तू मुद्दाम उशीर करतोस” हे वाक्य भावना सांगितल्याच्या थाटात म्हटलं जातं. म्हणणाऱ्याला खरोखर वाटतं, की आपण मन मोकळं केलं. ऐकणाऱ्याला तो आरोप लागतो, आणि तो आरोपच असतो. आम्ही वापरतो ती चाचणी अगदी गावठी आहे: ‘वाटतं’च्या पुढे ‘की’ आलं, किंवा येऊ शकत असलं, की थांबायचं. ते मत आहे. ‘वाटते’च्या आधी भीती, लाज, काळजी, असूया असलं काही नाव आलं तर ती भावना. राग मात्र ‘येतो’ आणि कंटाळाही ‘येतो’, त्यामुळे ती वाक्यं आपोआप वेगळी पडतात. “दुर्लक्ष झाल्यासारखं वाटलं”, “फसवल्यासारखं वाटलं” ही मधली मंडळी. त्यांत ‘की’ नसतं, पण कुणीतरी दुर्लक्ष केलं, कुणीतरी फसवलं हे लपलेलं असतं. तिथे पुढचा प्रश्न, “तसं वाटलं तेव्हा आत काय झालं?” मग एकटेपणा, अपमान, भीती यांपैकी काहीतरी बाहेर येतं.

‘का’ हा दुसरा खड्डा. “का केलंस?” हा मराठीत प्रश्न नसतो, तो दम असतो. “त्या वेळी काय झालं म्हणून तसं केलं?” असं लांबण लावून विचारलं तर माणूस सांगतो. वकिलांना हे फार अवघड जातं, कारण त्यांच्या कामात प्रश्न आखूड असावा लागतो आणि उत्तर आधीच माहीत असावं लागतं. इथे उत्तर माहीत असेल तर तो प्रश्न विचारूच नये.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा फरक सगळ्या भाषांना मिळालेला नाही, आणि आमच्या कामात तो तापमापकासारखा वापरता येतो. भांडलेल्या दोन गटांच्या बैठकीत सह-सुलभकाने कोपऱ्यात बसून नुसती नोंद ठेवायची: कुणी ‘आम्ही’ म्हटलं, कुणी ‘आपण’, आणि समोरच्या गटाला धरून ‘आपण’ पहिल्यांदा कधी आलं. मात्र सुलभकाने स्वतः घाई करून “आपण सगळे एकच आहोत” म्हणू नये. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला ते तोंडावर हात ठेवल्यासारखं लागतं. ‘तू’ आणि ‘तुम्ही’चंही तसंच. एकाच गोलात अधिकाऱ्याला ‘तुम्ही’ आणि शिपायाला ‘तू’ झालं, की समान खुर्च्या लावल्याचा काही उपयोग राहत नाही. पहिल्या दहा मिनिटांत एकच रूप ठरवून घ्यायचं. मुलांच्या गटात सगळ्यांना ‘तू’, सुलभकालाही ‘तू’, असं ठरवलेलं चालतं. पण शिक्षक त्या गोलात बसणार असतील तर त्यांना ते आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

दोन गटांना एकत्र आणायचं म्हटलं की नवख्यांच्या डोक्यात आधी क्रिकेटचा सामना येतो. हे करू नये, आणि का करू नये याला जुना दाखला आहे. १९५४ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अकरा वर्षांच्या आसपासच्या बावीस मुलांचे दोन गट केले. स्पर्धा लावल्या आणि काही दिवसांतच वैर पेटलं. नुसतं एकत्र जेवायला, सिनेमाला बसवून ते विझलं नाही. उलट जेवताना अन्नाची फेकाफेक झाली. पाण्याचा पुरवठा बंद पडला, गाडी अडकली, अशी दोघांनाही एकट्याने न जमणारी कामं समोर ठेवल्यावर वैर निवळू लागलं. (मुलांना आपल्यावर प्रयोग चाललाय हे माहीत नव्हतं. आज कुणी तसं करायला गेलं तर परवानगी मिळणार नाही, मिळूही नये.) त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी, दोन गट एकत्र आल्याने दुरावा कमी व्हायचा तर काय लागतं, त्याच्या चार अटी लिहिल्या: समान दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांवाचून न होणारं काम, आणि वरच्यांचा उघड पाठिंबा. चौथी अट कागदावर सोपी दिसते, प्रत्यक्षात तीच राहून जाते. मुख्याध्यापक किंवा व्यवस्थापक उद्घाटनाला येतात, फोटो काढून निघून जातात, आणि गटाला जे समजायचं ते समजतं. शेवटच्या सत्राला ते अर्धा तास बसणार असतील तरच उद्घाटनाला बोलवायचं, असा आमचा हट्ट असतो.

मोजणारे पेशे, म्हणजे लेखापाल, लेखापरीक्षक, काही प्रमाणात न्यायालयातले लोकही, अहवालात उजवे असतात. पण दोन्ही बाजू सारख्या तोलायच्या ही त्यांची सवय इथे घात करते. पाच जण मिळून एकाला महिनोन्महिने छळत असतील, तर सहा जणांना प्रत्येकी दीड मिनिट दिल्याने पाचांना साडेसात मिनिटं मिळतात आणि एकाला दीड. म्हणून गोलाआधी प्रत्येकाची वेगळी भेट घ्यायची, तीस ते चाळीस मिनिटांची. ज्याला त्रास झाला त्याला विचारायचं, कोण सोबत असलं तर बोलता येईल? आणि ज्याने त्रास दिला तो “असं काही झालंच नाही” यावर ठाम असेल तर गोल घ्यायचाच नाही. घेतला तर त्रास झालेल्याला तो सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा सिद्ध करावा लागतो. घरात हिंसा चालू असताना नवरा-बायकोची समेटाची बैठक घेणं हा याच चुकीचा सगळ्यांत घातक प्रकार. खोलीत जे बोललं जातं त्याची किंमत घरी गेल्यावर वसूल होते.

नाटकातून आलेले लोक भूमिका करून घेण्यात पटाईत. त्यांची चूक शेवटी होते: भूमिका उतरवत नाहीत. दहा मिनिटं गुंडाची भूमिका केलेल्या मुलाला दुपारभर त्याच नावाने हाक मारली जाते. खुर्ची बदलायची, स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, आणि ‘त्या पात्रात आणि माझ्यात एक फरक’ सांगायचा. तीन मिनिटं लागतात.

कोचिंगचा धागा इथून वेगळा होतो. एकाच माणसासोबत पंचेचाळीस ते साठ मिनिटं, दोन-तीन आठवड्यांनी एकदा, साधारण सहा बैठका. प्रमाणपत्राचा रस्ता लांब आहे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या स्तराला किमान ६० तासांचं प्रशिक्षण, १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव (त्यातले ७५ तास मोबदल्याचे), निदान आठ वेगळ्या व्यक्ती, आणि तीन महिन्यांहून कमी नाही अशा काळात पसरलेलं दहा तासांचं मेंटॉर कोचिंग (अनुभवी कोचकडून आपल्या कोचिंगवर मिळणारं मार्गदर्शन) लागतं. पुढच्या स्तराला १२५ तासांचं प्रशिक्षण आणि ५०० तासांचा अनुभव. ‘मोबदल्याचे’ या शब्दाला समाजसेवेतून आलेली माणसं बिचकतात आणि पहिले कितीतरी तास फुकट देऊन बसतात. रक्कम नाममात्र असली तरी चालते. ती पहिल्याच दिवसापासून घ्यावी आणि वहीत तारीख, मिनिटं, मोबदला हे त्याच संध्याकाळी लिहावं. महिन्याने आठवून लिहिलेले तास जुळत नाहीत.

ग्रो पद्धत म्हणजे ध्येय, वास्तव, पर्याय, पुढचं पाऊल. तंट्यात अडकलेल्या माणसाचं ध्येय जवळजवळ नेहमी दुसऱ्याबद्दल असतं: साहेबांनी बदलावं, भावाने माफी मागावी. त्यावर सहा बैठका घालवता येतात आणि हाती काही लागत नाही. “ते बदलले नाहीत असं धरलं, तर तुम्हाला कसं वागलेलं आवडेल?” या प्रश्नापाशी पहिलीच बैठक थांबली तरी बिघडत नाही.

खरं शिकणं होतं ते स्वतःची बैठक संमतीने ध्वनिमुद्रित करून शब्दन् शब्द लिहून काढताना. वीस मिनिटांच्या बोलण्याला दोन-तीन तास सहज जातात. हे काम दुसऱ्याला किंवा यंत्राला देऊ नये. नमुन्यादाखल असा तुकडा:

कोच: मग तुम्ही त्यांच्याशी बोललात का? म्हणजे बोलायचा प्रयत्न तरी केलात, की थेट वरच्यांकडे गेलात?
समोरची व्यक्ती: नाही, म्हणजे तसं नाही…
कोच: बरं. मग एक ई-मेल लिहून पाहिला तर?

लाल पेनाने खुणा करायच्या. पहिल्या ओळीत एकाला एक लागून तीन प्रश्न आहेत आणि तिसरा म्हणजे ठपका. तिसऱ्या ओळीत सल्ला आहे, फक्त त्याला प्रश्नचिन्ह लावलंय. आणि बैठकीतलं सगळ्यांत मोलाचं वाक्य मधे पडून राहिलं: “तसं नाही.” त्यावर विचारायला तीनच शब्द पुरले असते, “तसं नाही म्हणजे?” डॉक्टर, इंजिनिअर, व्यवस्थापक यांच्या पहिल्या लिखाणात निम्मे शब्द त्यांचेच भरतात. पाचव्या-सहाव्या लिखाणापर्यंत ते पाव हिश्श्यावर आले तर गाडी रुळावर आहे. नर्सेसचं पहिलंच लिखाण बहुधा बरं निघतं. ऐकता ऐकता माणसाच्या हाताकडे, श्वासाकडे बघायची त्यांना सवय असते. त्यांना शिकावं लागतं ते एवढंच, की समोरचा अस्वस्थ झाला म्हणून लगेच पाणी द्यायचं नाही.

पैसे संस्था देते आणि कोचिंग एखाद्या कर्मचाऱ्याचं होतं तेव्हा करार तिघांचा असतो. पहिल्या बैठकीआधी लेखी ठरवायचं, संस्थेला काय कळणार: किती बैठका झाल्या, आणि तिघांनी मिळून ठरवलेलं उद्दिष्ट. आतलं बोलणं नाही. तरी जिन्यात कुणीतरी गाठतंच, “काय म्हणतोय आमचा माणूस?” याचं उत्तर आधी पाठ करून ठेवावं लागतं, नाहीतर भिडस्तपणाने काहीतरी निसटतं. आमचं ठरलेलं उत्तर: “त्यांनाच विचारा, त्यांना आवडेल.” मनुष्यबळ विभागातून आलेल्यांना हे वाक्य सगळ्यांत जड जातं.

झोप, जेवण आणि काम तिन्ही बिघडलेलं दिसलं, किंवा जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोलणं आलं, की कोचिंग थांबतं. ते उपचाराचं काम आहे. कोणाकडे पाठवायचं ती दोन-तीन नावं आणि क्रमांक पहिल्या बैठकीआधीच वहीच्या पहिल्या पानावर हवेत; त्या क्षणी शोधत बसलं तर समोरच्याला तुमची घाबरगुंडी दिसते. जीव द्यायचा विचार येतो का, हे समोरच्याला सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

सत्र संपलं की खुर्च्या लावायच्या आधी कागद गोळा करायचे. फ्लिपचार्टची पानं, चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठ्या, कुणीतरी खुर्चीखाली टाकलेलं अर्धं पत्र. ज्यांवर नाव आहे किंवा हस्ताक्षरावरून ओळखता येईल ते खोलीतच बारीक फाडायचे, त्या इमारतीच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत, सोबत न्यायचे. पान काढल्यावर खालच्या पानावर मार्करची शाई झिरपलेली असते, तेही बघायचं.